रविवारचा धूप

रमा दिघ्यांच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि रविवारी सकाळी ती बंद असायची. बडोद्याचा मे महिना काय असतो ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. पंखा लावला तरी अंगावर गरम हवाच येते. तरीसुद्धा रविवारी ती खिडकी उघडायची नाही. दाराच्या फटीला ओला टॉवेल, एक्झॉस्ट बंद कारण त्याचं तोंड सोसायटीच्या चौकात, ओट्यावर दोन उदबत्त्या लावलेल्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध घामाने निथळणारी रमा. हातात उलथनं, आणि कान दारावरच्या घंटीकडे. आता एवढा बंदोबस्त कशासाठी म्हणाल, तर बोंबलांसाठी. हो, बोंबील. बाई काही घरात दारू गाळत नव्हती. पण अलकापुरीतल्या नंदनवन सोसायटीत दारू एक वेळ खपली असती, बोंबील खपले नसते.

रमा मूळची रेवदंड्याची. तिच्या माहेरी सकाळी कोळीण दारात पाटी उतरवायची आणि दिवसाचं कालवण काय ते तिथेच ठरायचं. समुद्र मागच्या दारी. कायस्थ प्रभूंच्या घरातली मुलगी, बोलायच्या आधी काटे काढायला शिकलेली. लग्न होऊन बडोद्याच्या दिघ्यांकडे आली तेव्हा मांडवीजवळ भाड्याच्या घरात राहायचे सगळे. दिघे म्हणजे संस्थानच्या वेळचे, आजेसासरे वसुली खात्यात, सासरे हिशेब खात्यात. आजूबाजूला तशीच मराठी घरं, त्यामुळे रविवारी पापलेट तळलं की वास गल्लीभर जायचा आणि गल्लीभर त्याचं कौतुकही व्हायचं. समुद्र तेवढा नव्हता. त्याची तिला आठवण यायची, पण सासरी आलेल्या मुलीने समुद्र मागायचा कुणाकडे?

मग दीनानाथांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, अलकापुरीत फ्लॅट घेतला. विमा कंपनीतला माणूस, स्वभावाने लोण्याचा गोळा, कुणाला नाही म्हणता येत नाही. सोसायटीतल्या ज्येष्ठांनी घर देण्याआधी एवढंच विचारलं की तुम्ही मराठी लोक, घरात कांदालसणीच्या पलीकडचं काही शिजत असेल तर आत्ताच सांगा. दीनानाथांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला की घरात शिजणार नाही. रमाला हे सामान हलवून झाल्यावर कळलं. त्या दिवशी ती नवऱ्यावर अशी बिथरली की तिने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाकघर माझं आणि शब्द यांचा, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काय होतं?

तरी तिने तो शब्द पाळला. खाण्याची आठवण आली की मांडवीला नणंदेकडे जायचं, तिथे जेवून यायचं. वर्षभर असं चाललं. मग नीरा पोटात राहिली आणि सगळं गणित फिसकटलं. पोटात पाणी ठरेना. डाळभात नको, पोळी नको, फळ नको. एक दिवस रमा नुसती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली आणि म्हणाली, मला बोंबील हवेत. दीनानाथ उठले, बाजारात गेले, स्टीलच्या डब्यात बोंबील घातले, डबा पिशवीत आणि पिशवीत वर मेथीची जुडी. त्या रविवारी पहिल्यांदा खिडकी बंद झाली. रमा जेवली, पोटात ठरलं, आणि शब्द मोडला तो मोडलाच.

पण शब्द मोडणारी माणसं मोकाट सुटतात असं थोडंच असतं. रमा उलट जास्त बांधली गेली. माशांचा तवा वेगळा, कढई वेगळी, उलथनं वेगळं, सगळं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. काटे वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत जायचे आणि दीनानाथ ते पादरा रोडवरच्या कुठल्यातरी कचरापेटीत टाकून यायचे. घरातल्या बाकीच्या भांड्यांना माशाचा हात लागला नाही कधी. ही सगळी यातायात सोसायटीसाठी होती म्हणाल तर ते अर्धंच खरं. उरलेली अर्धी समोरच्या तरुबेनसाठी होती.

तरुबेन पारीख समोरच्याच दारात राहायच्या. कट्टर वैष्णव, घरात ठाकोरजी म्हणजे बाळकृष्ण, त्यांना भोग दाखवल्याशिवाय तोंडात पाणी नाही. नवरा लवकर गेला, मुलगा मस्कतला. रमा त्या मजल्यावर आली त्या दिवशी चहाची किटली घेऊन पहिल्या त्याच आल्या, आणि मग गेल्याच नाहीत म्हणा ना. रमाशी त्या जे बोलायच्या ते धड गुजराती नव्हे, धड मराठी नव्हे, पण दोघींना त्यातलं अक्षर न अक्षर कळायचं. नीराला न्हाऊ घातलं तरुबेननी. रमाचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडे होती आणि दोन वेळचा डबा त्यांच्याकडून. रमा शिकवत होती त्या शाळेतून उशिरा यायची तेव्हा नीरा तरुमासीकडेच थेपला खाऊन झोपलेली असायची. आणि तरुबेन रमाच्या हातची पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी, अळूवडी आनंदाने खायच्या. दुसऱ्या कुणाच्या घरी पाणी न पिणारी बाई रमाच्या स्वयंपाकघरातलं खायची, का, तर रमावर विश्वास म्हणून, तिथे तसलं काही शिजत नाही म्हणून. रमाच्या काळजात हाच काटा होता. प्रत्येक वेळी ताट पुढे करताना तिला वाटायचं, ही मला बहीण मानते आणि मी हिचा धर्म बुडवतेय. भांडी वेगळी आहेत, तेल वेगळं आहे, असं मनाशी घोकायची. घोकून कुणाचं समाधान होतं?

एका गोष्टीचा मात्र रमाला तरुबेनचा मनस्वी राग यायचा. तो म्हणजे त्यांचा रविवारचा धूप. बाई इतर दिवशी साधी उदबत्ती लावणारी, पण रविवारी सकाळी मधल्या पॅसेजमध्ये धुपाटणं घेऊन यायची आणि लोबान असा जाळायची की मजला दिसेनासा व्हायचा. तो धूर ओल्या टॉवेलला न जुमानता रमाच्या घरात शिरायचा. इथे आधीच खिडकी बंद, शेगडी पेटलेली, वर हा धूर. रमा खोकायची, डोळे पुसायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बाईचे ठाकोरजी गुदमरतील एखाद दिवशी. एकदा तिने आडून सुचवलंही की धूप संध्याकाळी केला तर बरं. तरुबेन म्हणाल्या, रविवारी सकाळचंच बरं असतं. यावर काय बोलणार?

अशी वर्षं गेली. नीरा मोठी झाली, बंगळूरला नोकरीला लागली. रमाची शाळा सुटली, दीनानाथ निवृत्त झाले. आणि यंदा नीराने फोनवरून फर्मान काढलं की दिवाळीत तिघांनी श्रीलंकेला जायचं, समुद्रकाठी, आणि तिथे काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं बसायचं. दिवाळी ते लाभपाचम अर्धं बडोदं कुठे ना कुठे पळतंच, आपण तेवढे घरात लाडू वळत बसायचं का, असा तिचा सवाल होता. पाठोपाठ तिने एका लहानशा हॉटेलचा फोटो पाठवला. वाळूत रोवलेलं लाकडी टेबल, दोन खुर्च्या, मागे निळं पाणी, आणि टेबलावर केळीच्या पानात अख्खा मासा.

रमा त्या फोटोवर अडकून बसली. समुद्र तर होताच, पण तिची नजर त्या टेबलाभोवती काय नाही यावर होती. भिंत नव्हती. दार नव्हतं. घंटी नव्हती. अलकापुरीत आल्यापासूनच्या कितीतरी वर्षांत ती घरात मासे खाताना एक घास सावकाश जेवली नव्हती. एक कान सतत दाराकडे. तिला एकदाच, फक्त एकदाच, वाऱ्यावर बसून, हाताने, काटे पानाच्या कडेला लावत, बोटं चाटत जेवायचं होतं. लोकांच्या इच्छा काय काय असतात, आणि हिची एवढीच. तिने नवऱ्याला ते सांगितलं. दीनानाथांनी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, खाशील गं.

आणि हेच दीनानाथ दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये दूध घ्यायला गेले आणि तरुबेनना श्रीलंकेचं सांगून वर म्हणाले, तुम्हीही चला ना.

आता या माणसाला काय म्हणावं. तरुबेन मस्कत सोडून कुठे गेल्या नव्हत्या, आणि मस्कतलाही मुलाच्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. लंका म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. सीतामाता बसली होती ती अशोकवाटिका तिथे आहे म्हणे, मरायच्या आधी ती बघितली तर जन्माचं सार्थक. त्या रमाच्या घरात आल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं की मी आले तर तुम्हाला अडचण तर नाही. रमाने नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? दार लागल्यावर मात्र ती नवऱ्याकडे वळली तेव्हा त्याने आपण होऊन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

गाडी तिथेच थांबली असती तरी बरं होतं. तरुबेनचा भाचा परेश टूरवाला. त्याने मावशीचा बेत ऐकला आणि सांगितलं की एकट्यादुकट्या कशाला जाता, माझ्याच ग्रुपबरोबर या. अशोकवाटिका, समुद्र, सगळं आहे, आणि मुख्य म्हणजे बरोबर महाराज. महाराज म्हणजे स्वयंपाकी. गुजराती टूरवाले तो इथूनच नेतात, त्याच्यासोबत पिठाचे डबे, मसाले, कढया. समुद्रावर बसून ढोकळी आणि कढी. सगळा ग्रुप शुद्ध शाकाहारी, हॉटेलच्या स्वयंपाकघरात इतरांचं काही शिजणार नाही याची हमी. तरुबेन ते सांगत होत्या आणि रमा मान डोलवत होती. डोळ्यांसमोरून ते लाकडी टेबल हळूहळू सरकत लांब चाललं होतं.

त्या दिवसापासून घरात धुमसायला लागलं. रमा भांडी आपटायची. दीनानाथ पाय न वाजवता चालायचे. एकदा त्यांनी चुकून म्हटलं की आठवडाभर नाही खाल्लं मासे तर काय मोठंसं बिघडतं, आणि रमाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचा संबंध दिवस बागेत बसून राहिले. नीराने फोनवर तोडगा काढला. आपण चौघंच जाऊ, महाराजवाली टूर नको असं काहीतरी निमित्त सांगू, आणि एका दुपारी तरुमासी झोपल्या की आपण दोघी फिरायला जातो म्हणून हळूच सटकू. कुणाला कळणारही नाही.

रमा म्हणाली, "नीरा, परदेशात जाऊनसुद्धा मी चोरूनच खायचं?"

रमाला त्या क्षणी स्वतःचीच इतकी कीव आली की तिने फोन ठेवून दिला. खरं सांगून टाकावं का? पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तरुबेन, तुम्ही ज्या घरात इतकी वर्षं विश्वासाने जेवलात तिथे दर रविवारी मासे शिजत होते? त्या बाईने उद्यापासून तोंड फिरवलं तर? रागावली, भांडली तर एक वेळ परवडलं. पण तरुबेन रागावणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या गप्प होतील, पाण्याचा पेलासुद्धा घेणार नाहीत, आणि समोरचं दार कायमचं बंद होईल. रमा या वयात नवी बहीण कुठून आणणार होती?

त्यातच भूपतभाईंनी उचल खाल्ली. हे सोसायटीचे नवे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे, नुकतेच निवृत्त, हाताला काम नाही. एका सकाळी त्यांच्या गच्चीत कावळ्याने कोलंबीचं साल आणून टाकलं. कावळ्याने ते कुठून आणलं देव जाणे, रमाच्या घरातून तर नक्कीच नाही. पण भूपतभाईंनी ते कागदात धरून दारोदार दाखवलं. सभा झाली. सभेत ठरलं की कुठल्या घरात असलं काही शिजताना सापडलं तर त्यांनी घर विकून जावं. सगळे बोलताना दिघ्यांकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. त्या दिवसापासून भूपतभाई रविवारी सकाळी जिन्यात फेऱ्या घालायला लागले. वास घेत.

रमाने पेटी माळ्यावरून काढायचंच बंद केलं. कित्येक रविवार साधा वरणभात झाला. खिडकी उघडी राहिली. गंमत म्हणजे त्या सगळ्या रविवारी तरुबेनचा धूपही नव्हता, पण रमाचं लक्ष कुठे होतं तिकडे. तिला वाटलं, संपलं. इथेही संपलं आणि तिथेही संपलं. परेशने टूर नक्की करायला येत्या रविवारपर्यंतचीच मुदत दिली होती. तरुबेननी शनिवारी पुन्हा विचारलं तेव्हा रमाने होकार दिला, तोंडभर हसून, आणि घरात येऊन न्हाणीघराचं दार लावून रडली.

दीनानाथांनी ते ऐकलं. काय करावं हे त्या माणसाला सुचेना, आणि न सुचलं की तो जे करायचा तेच त्याने केलं. रविवारी सकाळी उठले, बाजारात गेले आणि मेथीच्या जुडीखाली बोंबील घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि बायकोकडे न बघता उभे राहिले. रमा म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय का, भूपतभाई जिन्यात असतील. दीनानाथ म्हणाले, असू देत.

रमाला राग आला. नवऱ्याचा, भूपतभाईंचा, महाराजाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने पेटी खाली ओढली, खिडकी लावली, टॉवेल भिजवला. बोंबील साफ केले, पाट्याखाली दाबून पाणी काढलं, हळद-तिखट-आमसुलाचं पाणी लावलं, तांदळाच्या पिठात घोळवले. तिथे नाही तर इथे, शेवटचं, असं ती पुटपुटत होती. पहिला बोंबील तव्यावर पडला आणि तेल चुरचुरलं. त्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रेवदंड्याची मागची पडवी आठवली, आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली.

दीनानाथ जागच्या जागी थिजले. रमाने शेगडी बंद केली, तव्यावर ताट झाकलं. घंटी पुन्हा वाजली. दार उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण आत माणसं आहेत हे जिन्यातल्या कुणालाही ठाऊक होतं. रमाने पदराला हात पुसले, दीनानाथांना न्हाणीघरात पिटाळलं आणि कडी काढली.

दारात तरुबेन होत्या. रविवारी सकाळी तरुबेन कधीच यायच्या नाहीत, या सगळ्या वर्षांत एकदाही नाही. त्यांच्या हातात पेटलेलं धुपाटणं होतं. त्या धापा टाकत होत्या. रमाला पुरतं उमगायच्या आत त्या आत आल्या आणि पायाने दार लोटलं.

"भूपतभाई येतात," त्या म्हणाल्या. "दोन जण संगात. तुम्ही बोलू नका, रमाबेन. मी बोलते."

त्यांनी धुपाटणं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलं. आत पाऊल टाकलं नाही, आत बघितलंही नाही. पदर नाकाला लावून, मान वळवून, चाचपडत मूठभर लोबान निखाऱ्यांवर टाकला. पांढरा धूर उसळला. रमा पुतळ्यासारखी उभी होती. तिला एवढंच कळत होतं की आता सगळं उघडं पडलं.

घंटी वाजली. दार तरुबेननीच उघडलं. भूपतभाई आणि कमिटीचे दोघं. भूपतभाईंनी आत न येता लांब श्वास घेतला, खोकले, आणि गुजरातीत म्हणाले की या मजल्यावरून वास येतोय, रमाबेनच्या स्वयंपाकघरात एकदा नजर टाकायची आहे. आत ताटाखाली बोंबील अजून तडतडत असल्यासारखं रमाला वाटत होतं.

तरुबेन दारातून हलल्या नाहीत. उंचीने एवढीशी बाई, पण दोन्ही हात चौकटीला लावून अशी उभी राहिली की आत जायचं तर तिला ढकलूनच जावं लागलं असतं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "भूपतभाई, मी कुणाच्या घरचं पाणी पिते?"

भूपतभाई गडबडले. तरुबेन कुणाच्याच घरचं पीत नाहीत हे सोसायटीला पाठ होतं. लग्नाच्या पंगतीतूनही त्या तशाच उठून यायच्या.

"या घरचं पिते," तरुबेन म्हणाल्या. "या घरचं जेवते. धूप माझा आहे. अजून काही पुसायचं आहे?"

यापुढे विचारायला काही उरलं नव्हतं. मजल्यावरच्या सगळ्यात सोवळ्या बाईने आपलं सोवळंच उंबऱ्यावर ठेवलं होतं. कमिटीतला एक जण भूपतभाईंना हळूच म्हणाला, चालो ने. भूपतभाईंनी उगाच एकदा नाक ओढलं, पुन्हा खोकले आणि जिना उतरून गेले.

तरुबेननी दार लावलं आणि सोफ्याच्या कडेवर टेकल्या. रमाला वाटलं आता ही उठेल, काही न बोलता जाईल, आणि संपलं. ती खाली जमिनीवरच बसली, तरुबेनच्या पायांशी, आणि रडायला लागली. भांडी वेगळी आहेत, तवा वेगळा आहे, तुमच्या ताटाला कधी हात लागू दिला नाही, असं तिने तुटक तुटक सांगितलं. मला क्षमा करा म्हणाली. तरुबेन ऐकत होत्या.

"मी जाणते," त्या म्हणाल्या.

रमाने वर बघितलं. कधीपासून, एवढंच तिने विचारलं, तेही ओठांतल्या ओठांत.

"नीरू पोटात होती ना. त्या रविवारी वास आला. मला उलटी झाली, काय खोटं सांगू. मग मला वाटलं, पोटवाली बाई आहे, तिचं मन आहे, कुणी घरातून काढलं तर जाईल कुठे. नऊ महिने धूप करू, बस. पछी नीरू आली, तरी तुमची बारी, खिडकी, रविवारी बंद. मग मी पण चालू ठेवला."

रमाचं रडणं थांबलं. बंद खिडकीचे ते सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून गेले, तो धूर, खोकला, मनातल्या मनात दिलेल्या शिव्या. गेले कित्येक रविवार खिडकी उघडी होती आणि धूप नव्हता, हे तिला आता आठवलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी या बाईचं इतकं प्रेम आलं की काय करावं ते सुचेना. तिने तरुबेनच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग आमच्या घरचं जेवलात कशा, असं तिने विचारलं तेव्हा तरुबेन जराशा हसल्या.

"ठाकोरजीला मी कहीने ठेवलंय. तो पुसेल त्या दिवशी मी जवाब देईन. तुम्ही नाही द्यायचा."

न्हाणीघराचं दार किलकिलं झालं आणि दीनानाथांनी डोकं बाहेर काढलं. त्यांच्याकडे दोघींपैकी कुणी बघितलं नाही, तेव्हा ते पुन्हा आत गेले.

तरुबेन उठल्या. धुपाटणं उचललं. दाराशी जाऊन थांबल्या आणि मग म्हणाल्या की सकाळीच परेशला फोन करून महाराजवाली टूर नको म्हणून सांगितलंय. नीराने बघितलं होतं तेच हॉटेल घेऊया. शनिवारी तुम्ही हो म्हणालात तेव्हा तुमचं हसू मी बघितलं, रमाबेन, असं हसू मी तुमच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. अशोकवाटिका मला एक दिवस दाखवा, माझ्यापुरता थेपला-खाखरा मी घेऊन येते. बाकी तुम्ही दर्याकाठी बसा आणि खा. पोटभर. उघड्यावर.

रमाने विचारलं, आणि तुम्ही?

"मी बाजूच्या टेबलवर. दर्याकडे तोंड करीन. पण वारा बघून बसवा मला, हं. तिथे माझा धूप नसेल."

त्या गेल्या. रमा स्वयंपाकघरात आली. ताट उचललं तर बोंबील एका बाजूने करपलेला, दुसऱ्या बाजूने कच्चा. तिने शेगडी पुन्हा पेटवली आणि पॅसेजमधून लोबानाचा वास आत आला तेव्हा तो छातीभर घेतला. मग बोंबील परतता परतताच तिने नीराला फोन लावला आणि सांगितलं की ते वाळूवालं हॉटेल घे, चौघांसाठी. आणि एक गोष्ट त्यांना आजच्या आज विचारून ठेव, दिवाळीच्या सुमाराला जेवायच्या वेळी तिथे वारा कुठून कुठे वाहतो.

नीरा म्हणाली, "आई, वारा कशाला?"

"तरुमासीची खुर्ची कुठे मांडायची ते ठरवायचंय," रमा म्हणाली.